सासऱ्यांचा दाखला आणि लेकीची फी

पत्र थोडक्यात असं : राजापूर तालुक्यातल्या एका गावातून एका आईने लिहिलंय. त्या अंगणवाडी सेविका, नवऱ्याची आंब्याची कलमं. थोरली लेक बारावी सायन्सला चांगल्या मार्कांनी पास झाली. इंजिनिअरिंग प्रवेशाची सीईटी परीक्षा दिलीय, निकाल यायचाय. तिला कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करायचंय. धाकटा मुलगा नववीत. पुण्याच्या एका खासगी विद्यापीठातून रोज फोन येतो : वर्षाची फी २ लाख ४० हजार, पण तुमच्या लेकीला ‘५० टक्के स्कॉलरशिप’, फक्त शुक्रवारपर्यंत २५ हजार भरून सीट पक्की करा. नवरा म्हणतो, कर्ज काढू, पण सरकारपुढे हात पसरायचा नाही. शेजारी सांगतात, स्कॉलरशिप ठरावीक जातींनाच मिळते. ‘आम्ही कुणबी. लेकीच्या शाळेच्या दाखल्यावर तसं लिहिलंय, पण जातीचा दाखला घरात कुणी कधी काढलाच नाही.’ बाजारातला सायबर कॅफेवाला म्हणतो, दोन हजार द्या, उत्पन्न पन्नास हजार दाखवतो, सगळं माझ्यावर सोडा. सातबारावर चौदा नावं, रेशनकार्डावर मुंबईच्या दिरांचंही कुटुंब. त्यांचा प्रश्न : ‘आमच्यासारख्यांसाठी कोणती स्कॉलरशिप आहे, ती कुठे शोधायची, आणि तोवर पुण्याची सीट घेऊन ठेवू का?’

ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. ते २५ हजार भरू नका. हे छापून येईपर्यंत तुमचा शुक्रवार उलटून गेला असेल, पण घाबरू नका, त्यांचा पुढचाही शुक्रवार येतो. मी एका कॉलेजच्या ऑफिसात बरीच वर्षं स्कॉलरशिपच्या टेबलावर होते. दर वर्षी मे महिन्यात, सीईटीच्या निकालाआधी, असे फोन गावोगाव जातात. निकालाआधीच का जातात, तेवढंच जरा मनाशी धरून ठेवा.

तुम्ही पत्राबरोबर त्यांचं माहितीपत्रक पाठवलंत ते बरं केलंत. चौथ्या पानावर ‘५० टक्के स्कॉलरशिप’ मोठ्या अक्षरात आहे आणि तिच्या डोक्यावर तांदळाच्या कणीएवढा तारा आहे. तो तारा शोधत मी पानाच्या तळाशी गेले. तिथे लिहिलंय की ही सवलत फक्त ट्यूशन फीवर, आणि दुसऱ्या वर्षापासून सीजीपीए, म्हणजे दहापैकी सरासरी गुण, ८ राखला तरच. म्हणजे गावातल्या शाळेतून आलेली पोर पहिल्या वर्षी इंग्रजीतल्या गणिताशी झगडत असताना ७.८ वर अडकली, की फी १ लाख २० हजारांवरून २ लाख ४० हजारांवर. होस्टेल आणि मेसचे १ लाख १० हजार वेगळेच. याला मी स्कॉलरशिप म्हणत नाही. दुकानदाराने आधी किंमत वाढवून मग दिलेली सूट आहे ही. ते विद्यापीठ वाईट असेल असं मी म्हणत नाही, पण हिशेब हिशेबाच्या जागी ठेवा.

आता तुमचा मूळ प्रश्न. ‘कोणती स्कॉलरशिप आहे, कुठे शोधायची’ असं तुम्ही विचारता, आणि मला वाटतं घोळ तिथेच आहे. तुमच्या मनात अशी समजूत दिसते की आधी कुठेतरी ॲडमिशन घ्यायची, मग स्कॉलरशिपची यादी काढायची आणि त्यात आपलं नाव बसतं का ते बघायचं. राज्य सरकारच्या योजनांचं काम उलटं चालतं. तुम्ही राहता कुठे, जात कोणती, आईवडिलांचं उत्पन्न किती, ॲडमिशन कोणत्या दाराने झाली, या चार गोष्टींवर स्कॉलरशिप आपोआप ठरते. पहिल्या तीन गोष्टींचे कागद आज घरात आहेत किंवा नाहीत. चौथी तुमच्या हातात आहे, आणि ती एकदा चुकली की चार वर्षं चुकते.

ते दार म्हणजे कॅप, सीईटी सेलची केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया. सीईटीच्या मार्कांवर ऑनलाइन राऊंड होतात, तुम्ही ऑप्शन फॉर्ममध्ये कॉलेजं क्रमाने भरता, त्यातून सीट मिळते. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने, व्यावसायिक अभ्यासक्रमांना कॅपमधून प्रवेश घेतलेल्या, ८ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (मराठा आरक्षणाचा प्रवर्ग) आणि ओबीसी मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के शासन भरतं. आधी ते ५० टक्के होतं. सरकारी कॉलेज असो, अनुदानित असो की कायम विनाअनुदानित खासगी. पण मॅनेजमेंट कोटा नाही, आणि अभिमत (डीम्ड) व स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठं त्या निर्णयातून वगळलेली आहेत. पुण्याहून फोन येतो ते विद्यापीठ याच दुसऱ्या प्रकारातलं. तिथे ५० टक्के सूट घेऊन तुम्ही १०० टक्क्यांचा हक्क सोडून द्याल. फोनवरची बाई हे सांगणार नाही. ती खोटं बोलत नाही, विचारल्याशिवाय सांगत नाही, एवढंच.

एक सावधगिरी. राऊंड संपल्यावर रिकाम्या राहिलेल्या जागा कॉलेजं आपल्या पातळीवर भरतात. ‘मॅडम, ही कॅपचीच सीट आहे’ असं तोंडी सांगतात. अशा जागेला शुल्कसवलत लागू आहे का, हे लेखी घेतल्याशिवाय पैसे भरू नका. माझ्या टेबलासमोर या एका वाक्यापायी रडलेले बाप मी पाहिलेत.

शेजाऱ्यांचं म्हणणं तेवढंच अर्धवट. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, अडीच लाख उत्पन्नापर्यंत, त्यापुढे व्यावसायिक अभ्यासक्रमांना फ्रीशिप, म्हणजे फीमाफी, आहे, आणि आदिवासी, भटक्या-विमुक्त, विशेष मागास, ओबीसी यांच्या आपापल्या योजना आहेत. पण खुल्या प्रवर्गातल्या ८ लाखांच्या आतल्या घरांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शुल्क शिष्यवृत्ती कितीतरी वर्षं चालू आहे, ज्याला सगळे ईबीसी म्हणतात. मुस्लिम, ख्रिस्ती, जैन, बौद्ध मुलांसाठी राज्याची अल्पसंख्याक शिष्यवृत्ती वेगळी. ब्राह्मण, मराठा, वाणी, कुणाचंही घर असो, ‘आमच्यासाठी काही नाही’ हे ऐकून घरी बसलेली माणसं मी खूप पाहिली. त्यातली निम्मी पात्र असायची.

यजमानांकडे येते. ‘हात पसरायचा नाही’ हा त्यांचा बाणा मला कळतो, कोकणात तो घराघरात आहे. पण त्यांना एक विचारा. कलमं सासऱ्यांनी १९९२ साली लावली असं तुम्ही लिहिलंय. १९९० साली रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवड योजना आली आणि कोकणचे ओसाड सडे, म्हणजे कातळाची माळरानं, आंबा-काजूने भरले. खड्ड्यांचे, कलमांचे, पुढच्या निगराणीचे पैसे अनुदानातून मिळत. तुमच्या सासऱ्यांनी ते घेतलं होतं का, जुनी पिशवी काढून बघा. घेतलं असेल तर त्या कलमांचा आंबा विकताना आजवर घरात कुणाला हात पसरल्यासारखं वाटलं नाही, हे त्यांनाच आठवेल. मी वाद घालायला सांगत नाही. जेवताना सहज विषय काढा. आणि कर्ज काढायचंच असेल तर होस्टेलसाठी, लॅपटॉपसाठी काढता येईल, तिथे ते उपयोगी पडेल. सरकार भरणार असलेल्या फीसाठी व्याज कशाला भरायचं?

सायबरवाल्याच्या पन्नास हजारांबद्दल. तुमचं मानधन आणि बागेचं उत्पन्न मिळून मर्यादा ८ लाखांची आहे. पेट्या वाशीला किती रुपयांना गेल्या तो आकडा म्हणजे उत्पन्न नव्हे. फवारणी, राखणदार, आंबे पिकवायला आडी लावायची मजुरी, खोके, गाडीभाडं, दलाली वजा करा आणि फुलकिड्याने नाहीतर अवकाळी पावसाने गेलेली वर्षं आठवा. तुम्ही आठाच्या कितीतरी आत आहात. मग खोटं कशासाठी लिहायचं? आणि तुम्हाला मानधन मिळतं ते सरकारकडूनच, ते कुणापासून लपणार? खोट्या दाखल्यावर घेतलेले पैसे वसूल होतात, आणि सही लेकीची असते, सायबरवाल्याची नाही.

कबूल करते, एका ठिकाणी मोह होईल. ओबीसी मुलामुलींना शासकीय वसतिगृह मिळालं नाही तर राहण्या-जेवण्याच्या खर्चासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे : पुण्या-मुंबईसारख्या शहरात वर्षाला ६० हजार, जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार. तिची उत्पन्न मर्यादा अडीच लाख आहे आणि जागा मोजक्या. तुमचं खरं उत्पन्न अडीचच्या आत बसत असेल तर जरूर अर्ज करा, जिल्ह्याच्या ओबीसी कल्याण कार्यालयात चौकशी करा. बसत नसेल तर सोडून द्या. शुल्क माफ झालं म्हणजे मोठा डोंगर उतरलाच.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा लागतो, सेतूमधून किंवा आपले सरकार सेवा केंद्रातून अर्ज करायचा. तलाठ्यांचा अहवाल लागेल. (हल्ली त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण गावात अजून तलाठी आप्पाच.) सातबारावर चौदा नावं आहेत म्हणून घाबरू नका, कोकणातल्या कुठल्या सातबारावर नसतात? तुमच्या वाट्याला प्रत्यक्षात किती कलमं आहेत आणि कोण कसतं, ते तलाठ्यांना ठाऊक असतं, नसेल तर सांगा. मुंबईच्या दिरांचं उत्पन्न लेकीच्या अर्जात धरायचं नाही. आईवडिलांचं धरायचं. फक्त रेशनकार्ड एकत्र असलं की प्रश्न विचारले जातात आणि फेऱ्या वाढतात. दिरांशी बोलून विभक्त कार्ड करून घ्या, या वर्षी नाही जमलं तरी धाकट्याच्या वेळी उपयोगी पडेल. दाखला चालू वर्षाचाच काढा. लेकीचं अधिवास प्रमाणपत्र नसेल तर त्याच फेरीत तेही काढून टाका, रिक्षाचे पैसे वाचतील.

आता जातीचा दाखला. इथे जरा थांबायला हवं, कारण सगळा वेळ हाच खाणार आहे.

कुणबी ओबीसीत येतात हे तुम्हाला माहीत आहे. पण लेकीच्या दाखल्यावर ‘हिंदू कुणबी’ लिहिलंय एवढं पुरत नाही. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, म्हणजे त्या तारखेआधी तुमच्या सासऱ्यांची किंवा आजेसासऱ्यांची जात कुठल्या तरी सरकारी कागदावर लिहिलेली हवी. सगळ्यात सोपा कागद शाळेचा. सासरे जर १९५५-६० च्या सुमाराला गावच्या शाळेत दोन-चार इयत्ता जरी शिकले असतील तर त्यांचं नाव जनरल रजिस्टरमध्ये आहे. ते जाडजूड पुस्तक, कडा वाळवीने कुरतडलेल्या, आत टाकाची शाई फिकी तपकिरी झालेली. एका ओळीत नाव, जात, जन्मतारीख, दाखल झाल्याचा दिवस, सोडल्याचा दिवस, शेऱ्यात ‘मुंबईस गेला’. आमच्या भागात जातीच्या रकान्यात पुष्कळदा पूर्ण शब्द नसतोच, ‘ति. कु.’ असं आखूड असतं, म्हणजे तिल्लोरी कुणबी. ते बघून ‘आपलं नाहीच’ म्हणत परत येऊ नका, आणि मास्तरांना ‘नीट करून लिहा’ असंही सांगू नका. आहे तशी नोंद, आहे त्या स्पेलिंगची, सही-शिक्क्याची प्रत घ्या. खाडाखोड केलेली एक नोंद पडताळणीत अख्खं प्रकरण आडवं करते.

आडनावाचं बघा. जुन्या रजिस्टरात बऱ्याच जणांचं आडनावच नसतं, नुसतं ‘राघो तुकाराम’. किंवा गावाचं नाव आडनावासारखं लावलेलं असतं आणि मुंबईला गिरणीत लागल्यावर दुसरंच लागलेलं. तेव्हा सासऱ्यांपासून लेकीपर्यंत वंशावळ आणि प्रतिज्ञापत्र लागेल. सासरे शाळेतच गेले नसतील तर त्यांचा थोरला भाऊ, चुलता, कुणीही वडिलांकडून रक्ताच्या नात्यातला चालतो. तेही नसलं तर तहसीलमध्ये जुनी जन्म-मृत्यूची नोंद, गाव नमुना १४ शोधायची. ती मोडी लिपीत असली तर वाचणारा माणूस लागेल, पण त्या वाटेला आत्ताच जाऊ नका. शाळाच आधी.

प्रांतांकडून जातीचा दाखला मिळाला की त्यावर नॉन-क्रीमीलेअर, म्हणजे उत्पन्न मर्यादेच्या आत असल्याचा दाखला, आणि मग रत्नागिरीला जिल्हा पडताळणी समितीकडे व्हॅलिडिटी, म्हणजे जात वैधता प्रमाणपत्र. इंजिनिअरिंगला ओबीसी जागेवर जायचं तर व्हॅलिडिटी लागतेच. प्रस्तावाच्या पावतीवर प्रवेश मिळतो, पण दिलेल्या मुदतीत प्रमाणपत्र आणलं नाही तर ती जागा हातची जाते.

मग एवढा वेळ आहे का? इथे मी तुमच्याहून वेगळा विचार करते. तुम्ही धरून चाललाय की जातीचा दाखला नसेल तर फीमाफी नाही. लेकीने खुल्या प्रवर्गातून कॅपमध्ये नाव घातलं आणि सीट मिळवली, तर ईबीसीच्या वाटेनेही शुल्काचा लाभ मिळू शकतो, उत्पन्नाच्या दाखल्यावर. म्हणजे ओबीसी दाखल्याचा खरा उपयोग फीमध्ये कमी आणि सीटमध्ये जास्त, चांगलं कॉलेज मिळण्यात, आणि राहण्या-जेवण्याच्या त्या सावित्रीबाई फुले आधार योजनेत. त्यामुळे असं करा : दाखल्यासाठी धावाधाव आजपासून सुरू करा. कॅपचं रजिस्ट्रेशन येईपर्यंत दाखला आणि व्हॅलिडिटी प्रस्तावाची पावती हातात आली तर ओबीसीतून भरा. नाही आली तर ओपनमधून भरा, पण रजिस्ट्रेशनमध्ये ईबीसीचा रकाना न विसरता. अर्धवट कागदांवर ओबीसी टाकून मुदतीची तलवार डोक्यावर घेऊ नका. आणि दाखल्याचं काम तरीही पूर्ण करा. एकदा लेकीची व्हॅलिडिटी झाली की धाकट्याची सोपी जाते, सख्ख्या बहिणीची व्हॅलिडिटी हा मोठा पुरावा असतो.

धाकट्याचा विषय निघाला म्हणून. १०० टक्क्यांचा निर्णय मुलींसाठी आहे, तो मोठा होईल तेव्हा त्याला ५० टक्के धरून चाला. पण कॅपमध्येच प्रत्येक कोर्सला ट्यूशन फी वेव्हरच्या, टीएफडब्ल्यूएसच्या, ५ टक्के जास्तीच्या जागा असतात. ८ लाखांच्या आतल्या कुणालाही, मेरिटवर. ऑप्शन फॉर्ममध्ये त्यांचा कोड वेगळा असतो आणि निम्मी मुलं तो टाकतच नाहीत. मुलगा असलेल्या वाचकांनी ही ओळ खूण करून ठेवावी. ईबीसीत एका घरातल्या दोनच मुलांना लाभ मिळतो, तुमची दोनच आहेत, चिंता नाही.

कॉलेज कोणतं, हे मी सांगणार नाही, पण यादी करताना पुण्याच्या आधी घराजवळही बघा. रत्नागिरीत आता शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, लोणेऱ्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. सरकारी कॉलेजात मुळात फीच कमी. माफ होतं ते शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क, पावतीवरचं ‘विकास शुल्क’ आणि ‘इतर’ राहतंच. ते किती आहे ते प्रत्येक कॉलेजला फोन करून विचारा आणि वहीत मांडा. खासगी कॉलेजात ‘फी माफ’ ऐकून गेलेल्यांना पहिला धक्का तिथेच बसतो. कॉलेजने पूर्ण फी आधी भरा म्हटलं तर शासन निर्णय पुढे ठेवा, नम्रपणे, पण ठेवा.

आता अर्ज. तो ‘महाडीबीटी’ पोर्टलवर होतो, ॲडमिशन झाल्यावर. आधी आधारवर प्रोफाइल, मग वैयक्तिक माहिती, पत्ता, इतर माहिती, चालू कोर्स, मागचं शिक्षण आणि होस्टेल असे टॅब भरत जायचं. भरून झाले की पोर्टल स्वतःच पात्र योजना दाखवतं. तुम्ही विचारलंत ना, कुठे शोधायची? तिथे, आणि ती शोधायला कुणी पैसे घेत नाही. चालू कोर्सच्या टॅबमध्ये कॅप की नॉन-कॅप हे विचारतात, तिथे बोट घसरू देऊ नका. अर्ज सबमिट केला म्हणजे झालं नाही. तो आधी कॉलेजच्या टेबलावर जातो, मग विभागाच्या. काही चुकलं तर परत येतो, ‘सेंट बॅक’, आणि दुरुस्त करून पुन्हा पाठवायला मुदत असते.

इथेच एक मुलगा आठवतो. हुशार, वडील खाडीत होडी चालवायचे. त्याचा अर्ज उत्पन्नाच्या दाखल्याचं एक पान पुसट म्हणून परत आला. निरोप गेला होता. पण प्रोफाइलला मोबाइल नंबर होता सायबरवाल्याचा, पासवर्डही त्याच्याच वहीत, आणि तो गणपतीला दुकान बंद करून गावी. मुलाला कळलं तेव्हा मुदत संपून तीन आठवडे झाले होते. त्या वर्षाचे पैसे गेले ते गेलेच. आमच्या ऑफिसातूनही त्याला कुणी आवाज दिला नाही, त्यात मीही आले. म्हणून सांगते, नंबर लेकीचा, ईमेल लेकीचा, पासवर्ड घरच्या वहीत. तुम्ही रोज फोनवर पोषण ट्रॅकर भरता ताई, मुलांची वजनं-उंच्या टाकता. हा फॉर्म त्याहून अवघड नाही. सायबरवाल्याकडे स्कॅन करायला आणि प्रिंट काढायला जा, त्याचे तीस-चाळीस रुपये द्या.

पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जातात. ‘खातं आहे’ म्हणजे ‘जोडलेलं आहे’ असं नव्हे. कधीतरी सिमकार्ड घेताना अंगठा घेऊन उघडलेलं एखादं खातं आधारला चिकटलेलं असतं आणि पैसे तिथे पडतात, कुणाला पत्ताही नसतो. बँकेत जाऊन लेकीचं आधार कुठल्या खात्याला मॅप आहे ते विचारा. आधारवरचं नाव, दहावीचं, बारावीचं नाव अक्षरशः एक आहे का तेही बघा, ‘राजश्री’ आणि ‘राजश्रि’ ही पोर्टलला दोन माणसं वाटतात.

दर वर्षी नूतनीकरण करावं लागतं. दुसऱ्या वर्षी विसरणारी मुलं पहिल्या वर्षी अर्ज न करणाऱ्यांपेक्षा जास्त होती माझ्याकडे. आणि शेवटच्या तारखेवर ठेवू नका. मुदत वाढते हे खरं, पण जुलै-ऑगस्टात आपल्याकडे लाइट गेली की दोन दिवस येत नाही, आणि रेंजसाठी लॅपटॉप घेऊन पावसात सड्यावर जाऊन बसलेली पोरं मी पाहिलीत.

केंद्राच्याही योजना आहेत, नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर. तांत्रिक शिक्षण घेणाऱ्या मुलींसाठी एआयसीटीईची (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची) ‘प्रगती’ शिष्यवृत्ती, वर्षाला ५० हजार, ८ लाखांच्या आत, घरातल्या दोन मुलींपर्यंत. पण एकाच वर्षी दोन सरकारी शिष्यवृत्त्या घेता येत नाहीत असं बहुतेक योजनांच्या अटीत असतं, तेव्हा अट वाचून, बेरीज करून एक निवडा. ज्यांची फी मुळातच थोडी आहे, त्यांना कदाचित हीच जास्त फायद्याची.

सावंतवाडी-दोडामार्गकडच्या वाचकांसाठी दोन ओळी. तुमची मुलं गोव्यात शिकायला जातात, अंतर कमी पडतं म्हणून. गोव्याच्या योजना गोव्याच्या रहिवाशांसाठी, आणि महाराष्ट्राची ईबीसी व मुलींची फीमाफी महाराष्ट्रातल्या कॉलेजांसाठी. दोन्हीकडून हात रिकामे राहू शकतात. अनुसूचित जातीची मॅट्रिकोत्तर मात्र विद्यार्थ्याबरोबर राज्याबाहेर जाते, अर्ज आपल्याच राज्याकडे करायचा. बसभाडं वाचतं म्हणून पलीकडे जाण्याआधी हा हिशेब घाला.

तर तुमच्यासाठी आत्ता काय. पुण्याच्या फोनला सांगा, निकालानंतर बघू. बँक, उत्पन्न, अधिवास या आठवड्यात. आणि सासऱ्यांची शाळा. मे महिना आहे, शाळा बंद, मुख्याध्यापक सुट्टीवर त्यांच्या गावी, रजिस्टर कपाटात आणि कपाटाला कुलूप. शाळा उघडायला १५ जून उजाडेल, तेवढं थांबणं तुम्हाला परवडणारं नाही. गावची शाळा पट नसल्यामुळे बंद पडली असेल तर तिची रजिस्टरं केंद्रशाळेत किंवा पंचायत समितीच्या शिक्षण विभागात गेलेली असतात, तिथे चौकशी करा. चालू असेल तर तुम्ही अंगणवाडीच्या, मुख्याध्यापकांचा नंबर तुमच्याकडे असेलच. किल्ली कुणाकडे ठेवून गेलेत, तेवढं आज संध्याकाळी विचारा.